साध्या रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकायची सुरुवात

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात आमच्या भागातली लाइट गेली आणि मोबाइलही बंद पडला. तेव्हा कपाटातला सेलवर चालणारा जुना रेडिओ बाहेर काढला. पुराच्या बातम्या एफएमवरच मिळाल्या, हे खरं. पण रात्री एसडब्ल्यूवर काटा फिरवताना परदेशी केंद्रं लागली आणि तो नाद आजवर सुटला नाही.

शॉर्टवेव्ह म्हणजे काय?
ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झ. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातात. शॉर्टवेव्हच्या लहरी आयनांबरातून वळून हजारो किलोमीटर लांब उतरतात.

कधी, कुठे लावायचं?
दिवसा १९ आणि १६ मीटर, रात्री ४१ आणि ४९ मीटर. नवख्याने सूर्यास्तानंतर ३१ मीटरपासून, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झपासून सुरुवात करावी. काटा अगदी सावकाश फिरवा.

खरखर कशी कमी करायची?
एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर हे खरे शत्रू. रेडिओ सेलवर चालवा आणि गच्चीवर न्या. पाच-सहा मीटर वायरचं एक टोक सोलून रेडिओच्या दांडीला गुंडाळा, दुसरं उंच बांधा. फार लांब वायर लावली तर स्वस्त सेट गोंधळतो. वळवाच्या विजा चमकायच्या आतच वायर काढा.

मी केलेली चूक
एकच केंद्र मी वहीत दोन जागी लिहिलं होतं आणि नवं केंद्र सापडलं म्हणून खूश होतो! बऱ्याच स्वस्त काट्याच्या सेटमध्ये ४५५ किलोहर्ट्झची मधली फ्रिक्वेन्सी असते. त्यामुळे जोरदार केंद्राची सावली त्याच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली ऐकू येते. ९६०० वरचं केंद्र ८६९० वरही लागतं. खरं केंद्र बहुधा वरचं, जास्त स्पष्ट.

वेळेचा हिशेब
वेळापत्रकं यूटीसीमध्ये असतात. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा: रात्रीचे ८ म्हणजे १४:३०. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं.

बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. केंद्रं कमी होत चाललीत. म्हणून महागडा सेट घेईपर्यंत थांबू नका. घरातला जुना रेडिओ काढा, सेल घाला आणि आज रात्रीच गच्ची गाठा.