ऐरावत ते नेत्र : अदृश्य रणभूमीचा इतिहास

युद्ध म्हटले की तोफा, रणगाडे आणि विमाने डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु विसाव्या शतकात डोळ्यांना न दिसणारी आणखी एक रणभूमी निर्माण झाली. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर चालून गेलेल्या ब्रिटिश विमानांनी बॉम्बसोबत धातूचा मुलामा दिलेल्या कोट्यवधी कागदी पट्ट्या आकाशात सोडल्या. जर्मन रडारच्या पडद्यावर खोट्या खुणांची गर्दी उसळली आणि खरी विमाने तीत हरवली. शत्रूच्या रेडिओलहरी टिपणे, त्यांत व्यत्यय आणणे आणि आपल्या लहरींचे रक्षण करणे, हेच इलेक्ट्रॉनिक युद्ध.

हे युद्ध कठीण असते. शत्रूच्या रडारची ओळख शांततेच्या काळातच पटवून ठेवावी लागते. व्यत्यय आणणारे यंत्रही लहरी सोडते. त्यामुळे त्याचाच ठावठिकाणा उघड होण्याचे भय असते. शिवाय ही विद्या कोणतेही राष्ट्र दुसऱ्याच्या हाती सहजासहजी देत नाही.

ती स्वबळावर मिळवण्याच्या भारतीय प्रयत्नांत बेंगळुरूचे स्थान मोठे आहे. दक्षिणेकडील जे. पी. नगरमधून निघून शहर ओलांडले, की उत्तरेस जालहळ्ळी लागते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना तेथे उभा राहिला. १९५८ मध्ये शहरात रडार संशोधन संस्था आली, तर १९९१ मध्ये हवाई प्रणालींचे केंद्र.

याच केंद्राने ‘ऐरावत’ प्रकल्प हाती घेतला. ॲव्हरो विमानाच्या पाठीवर फिरती तबकडी बसवून उडते रडार घडवायचे होते. ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ चाचणीच्या वेळी ते विमान कोसळले. त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत शास्त्रज्ञ होते, हवाई दलाचे अधिकारी होते. प्रकल्प थांबला.

विद्येचा ध्यास मात्र थांबला नाही. २००४ मध्ये नव्या विमानावर काम सुरू झाले. फिरत्या तबकडीची जागा स्थिर अँटेनाने घेतली. लहरींची दिशा आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलता येऊ लागली. शत्रूची रडारे आणि संदेश टिपणारी यंत्रणाही विमानात आली. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी येलहंका येथे ‘नेत्र’ हवाई दलाच्या स्वाधीन झाले.

नेत्रची यशोगाथा सांगताना आरंभ ऐरावतापासूनच करावा लागतो. त्या आठ जणांनी अपुरा ठेवलेला धडा पुढच्यांनी पूर्ण केला. विद्येची परंपरा अशीच चालते.