प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे काय? आजीच्या गोळ्यांच्या डब्याने मला काय शिकवलं



"डिझाइन शिकतेस म्हणजे ड्रेस शिवतेस का गं?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतंच. मी इंडस्ट्रियल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे क्षेत्र नेमकं काय आहे, त्यात काम कसं चालतं आणि माझा एक फसलेला प्रोजेक्ट मला काय शिकवून गेला, हे आज आपण पाहू.

इंडस्ट्रियल डिझाइन म्हणजे काय?

कारखान्यात हजारोंनी बनणारी वस्तू हातात कशी बसेल, ती कशी वापरायची हे बघताच कसं कळेल, ती दिसेल कशी आणि परवडेल अशा खर्चात बनेल कशी, हे ठरवणं म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन. मिक्सरची मोटर किती ताकदीची हवी हे इंजिनिअर ठरवतो. ओल्या हाताने मिक्सरचं झाकण निघतं का, हे डिझायनर बघतो. अर्थात दोघांना एकत्रच बसावं लागतं.

'प्रॉडक्ट डिझाइन' हा शब्द आज दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे हातात धरता येणाऱ्या वस्तूंचं डिझाइन. दुसरा अर्थ सॉफ्टवेअर कंपन्यांमधला, तिथे प्रॉडक्ट डिझायनर ॲपचं काम करतो. कोर्स किंवा नोकरीची जाहिरात वाचताना यातला कोणता अर्थ आहे, ते आधी बघा.

तुमच्या हातातलंच एक उदाहरण

जुन्या फोनची मायक्रो-यूएसबी पिन आठवते? ती एकाच बाजूने बसायची. अंधारात दोनदा चुकायची आणि आपण म्हणायचो, "अरे, मीच उलटी लावली." टाइप-सीमध्ये वर १२ आणि खाली १२ असे २४ संपर्क असे मांडले आहेत की पिन कशीही लावली तरी चालते. आपण काही हुशार झालो नाही. पिन बदलली, म्हणून चूक संपली.

भारतात सुरुवात कशी झाली?

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक केलंय. लोट्यात किती पाणी मावावं, तो कमरेवर कसा बसावा, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहावा, पाणी कसं ओतलं जावं, असे प्रश्न त्यांनी मांडले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी सुरू झाली. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईत आयडीसी सुरू झाली. आपल्या मतदान यंत्राचं औद्योगिक डिझाइन आयडीसीच्याच प्राध्यापकांनी केलंय. उमेदवाराच्या चिन्हासमोर निळं बटण, दाबलं की लाल दिवा आणि लांब बीप. वाचता न येणाऱ्या माणसालाही मत देता आलं पाहिजे, ही त्यातली मुख्य अट.

माझा फसलेला प्रोजेक्ट

दुसऱ्या वर्षी आम्हाला काम मिळालं: घरातल्या एका माणसासाठी एक वस्तू बनवा. माझी आजी गावी असते. तिला बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मी तिच्यासाठी सात कप्प्यांचा डबा डिझाइन केला. थ्रीडी प्रिंट केलेला, पांढराशुभ्र, टिच्चून बसणारी झाकणं, वर वारांची इंग्रजी आद्याक्षरं. वर्गात सगळ्यांना आवडला, मार्कही चांगले मिळाले.

दिवाळीला घरी गेले तर डबा शोकेसमध्ये, माझ्या दहावीच्या ट्रॉफीशेजारी ठेवलेला! गोळ्या होत्या जुन्या पानाच्या डब्यात, सगळ्या एकत्र. त्यातल्या बीपीच्या गोळ्या ती मधूनमधून विसरत होती आणि डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बीपी बराच वाढलेला निघाला. मी विचारलं, "आजी, तू माझा डबा का नाही वापरत?"

ती म्हणाली, "डबा चांगलाच आहे गं. माझ्याच बोटांत जोर राहिला नाही."

तिला वाटत होतं की चूक तिची आहे. मला मार्क मिळाले होते आणि दोष तिने स्वतःकडे घेतला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग दोन दिवस मी फक्त बघत बसले, जे मी आधी करायला हवं होतं. आजी वार बघून गोळी घेत नाही, सकाळच्या चहानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर घेते. गोळी ती नावाने नाही, तर रंगाने आणि आकाराने ओळखते. बरणी उघडताना बोटांची चिमट लावत नाही, तळहाताने झाकण ढकलते.

दुसरा डबा या तीन गोष्टींवर बनवला. तळहाताने सरकेल असं रुंद झाकण, सकाळ-रात्रीचे वेगळे कप्पे, त्यांवर बोटाला लागतील असे उठावदार सूर्य आणि चंद्र. जागा ठरवली चहाच्या डब्याशेजारी. मेडिकलवाल्या काकांना विचारल्यावर कळलं की काही गोळ्या ओल धरतात, म्हणून पाकिटातून आधी काढून ठेवायच्या नसतात. म्हणून पाकिटाचा कापलेला तुकडा मावेल एवढा कप्पा मोठा केला. डबा बेढब दिसायला लागला. शिवाय तो तुकडा फोडायला अजूनही काकू लागते, ते कोडं मला सुटलेलं नाही. पण आजी तो डबा रोज वापरते.

याबद्दल डिझाइनचं शास्त्र काय सांगतं?

डोनाल्ड नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंवरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल तर दोष बहुतेक वेळा वस्तूत असतो, तरी लोक स्वतःलाच दोष देतात, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. ढकलायच्या दारावर ओढायची मूठ लावली तर कोणीही ओढणारच ना?

१९९० मध्ये अमेरिकेत ओएक्सओ कंपनीची जाड, मऊ मुठीची सोलाणी बाजारात आली. सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधी सोलाणी धरायला त्रास व्हायचा, त्यातून ती सुचली. पण घेतली सगळ्यांनीच, कारण दुखऱ्या हाताला जी वस्तू सोपी, ती धडधाकट हातालाही सोपीच वाटते.

हे शिकायचं असेल तर?

बारावीनंतर बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि ती आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळ्यांना देता येते. एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते. चित्रकला चांगली असली तर मदत होते, पण बघण्याची सवय जास्त उपयोगी पडते.

ती सवय आजपासून लावता येईल. आईला किंवा आजोबांना नवं ॲप शिकवताना ते कुठे अडतात ते बघा. लगेच फोन हातातून घेऊन स्वतः करून देऊ नका. ते "मला नाही जमत रे" म्हणाले, तर तेव्हा बोट नेमकं कुठल्या बटणावर होतं, ते वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीचं पहिलं पान आजीच्या त्या वाक्याचं आहे.