तार का तुटते? हलत्या यंत्रांच्या केबलची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या 'कारण' या संकल्पनेबद्दल बोललो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, दरवेळी घट आणि पटच का? आजच्या कारखान्यातलं उदाहरण नाही का मिळत?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज घटाला विश्रांती देऊन आपण केबल घेऊ या. विजेची, आणि तीही सतत हलणारी केबल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या विषयात का शिरावं, याचं कारण आधी सांगतो.

आमचा एक विद्यार्थी बी.ए. अर्धवट सोडून आयटीआयला गेला, इलेक्ट्रिशियन झाला आणि एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. तिथे एक मोठं यंत्र होतं. त्याचं डोकं रुळांवरून पुढे-मागे धावायचं. हे यंत्र पाळीत दोन-तीनदा आपोआप बंद पडू लागलं. पडद्यावर एन्कोडरचा अलार्म यायचा. एन्कोडर बदलला, ड्राइव्ह बदलला, तरी तेच. मीटर लावून बघावं तर तार अखंड दाखवायची. शेवटी साहेबांनी याच्या हातात मेमो दिला, 'देखभालीत निष्काळजीपणा' असा, आणि त्या वर्षीची पगारवाढ थांबली. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला पैशांपेक्षा त्या एका शब्दाचं दुःख जास्त होतं. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगू. आधी इतिहास.

साखळी, आस आणि 'थकवा'

जर्मनीत हार्त्स पर्वतात क्लाउस्टाल नावाचं खाणींचं गाव होतं. तिथे विल्हेल्म आल्बर्ट हे खाण-अधिकारी होते. खोल खाणीतून खनिज वर ओढायच्या साखळ्या वारंवार तुटायच्या. गंमत अशी, की ज्या वजनाला त्या तुटायच्या तेच वजन त्यांनी आधी हजारो वेळा उचललेलं असायचं. मग आजच का तुटली? आल्बर्टनी 1829 मध्ये साखळीवर तोच भार पुन्हा पुन्हा टाकून पाहणारं साधन तयार केलं. धातूच्या थकव्यावरचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग मानला जातो. आणि 1834 मध्ये त्यांनी लोखंडी तारा पिळून दोर केला. चार तारांचा एक पीळ, असे तीन पीळ. साखळीची एक कडी गेली की सगळंच खाली. दोराची एक तार तुटली तर बाकीच्या अकरा तो भार धरतात, आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते, म्हणजे सूचनाही मिळते.

पुढची घटना 8 मे 1842 ची. व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची आस, म्हणजे अॅक्सल, मोडली. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. आस चांगल्या लोखंडाची होती, मग मोडली कशी? विल्यम रँकिन या तरुण इंजिनिअरने दुसऱ्याच वर्षी अशा मोडलेल्या आसांवर निबंध लिहिला. 1854 मध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच धातूचा 'थकवा' हा शब्द वापरला. माणसाचा शब्द धातूला लावला, बघा! त्यानंतर प्रशियाच्या रेल्वेतले आउगुस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षं आसा फिरवून मोजणी केली आणि 1870 मध्ये निष्कर्ष मांडले. मोडणं हे नुसत्या जोरावर ठरत नाही, तो जोर किती वेळा आला यावर ठरतं. पोलादाला मात्र एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं.

आता हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: तांब्याला अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण कमी केला तर तांबं जास्त वेळा वाकतं, पण त्याचा हिशोब कुठेतरी चालूच असतो. म्हणून हलत्या केबलचं आयुष्य वर्षांत सांगत नाहीत, फेऱ्यांत सांगतात. सहा सेकंदांत एक फेरी करणारं यंत्र तासाला 600 फेऱ्या करतं. दोन पाळ्या म्हणजे सोळा तास, 9,600 फेऱ्या. वर्षाचे तीनशे दिवस धरा, 28 लाख 80 हजार. घरच्या मिक्सरची वायर जन्मात जितकी वाकत नाही, तितकी ही केबल एका सकाळी वाकते.

दोराकडून केबलकडे

दोर आणि केबल ही सख्खी भावंडं आहेत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट न्यूऑल यांनी 1840 मध्ये तारांच्या दोराचं पेटंट घेतलं. त्यांच्याच कारखान्याने 1851 च्या इंग्लिश खाडीतल्या तारायंत्राच्या केबलवर लोखंडी तारांचं चिलखत चढवलं. आदल्या वर्षी टाकलेली केबल म्हणजे गटापर्चात गुंडाळलेली तांब्याची एकच तार होती. ती टिकली नाही. अटलांटिकखालच्या पहिल्या केबलमध्ये मग सात तांब्याच्या तारा पिळून घातल्या. कारण आल्बर्टचंच: एक गेली तरी सहा उरतात.

याच केबलची एक फजिती प्रसिद्ध आहे. अर्धी केबल एका कारखान्याने केली, अर्धी दुसऱ्याने. जोडायच्या वेळी कळलं, की एकाने चिलखताच्या तारा उजवीकडे पिळल्यात, दुसऱ्याने डावीकडे! तशीच जोडली असती तर ओढ बसताच दोन्ही पीळ उलगडले असते. खास जोड करून वेळ निभावून न्यावी लागली. पिळाला दिशा असते, लांबी असते आणि ती आधी ठरवावी लागते, हा धडा तिथे मिळाला. 1870 मध्ये आपली मुंबईसुद्धा समुद्री केबलने इंग्लंडशी जोडली गेली. पण ती केबल एकदा तळाशी गेली की पडून राहणारी. रोज वाकणारी केबल हा वेगळाच प्रश्न होता आणि तो कारखान्यात उभा राहिला.

1952 मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं. आजच्या सीएनसीचा तो पूर्वज. आता यंत्राच्या हलत्या भागावर मोटर आली, स्विच आले, पुढे मोजमाप करणारे एन्कोडर आले. एका तारेच्या जागी पन्नास तारा. पश्चिम जर्मनीत त्याच दशकात दोन गोष्टी झाल्या. एक, तारांना ठरलेल्या वळणाबाहेर जाऊ न देणारी पोलादी कड्यांची साखळी निघाली. आपले कामगार जिला ड्रॅग चेन म्हणतात, ती हीच. दुसरी, 1957 मध्ये श्टुटगार्टजवळ ओस्कार लाप यांनी अनेक कोअरची तयार कंट्रोल केबल कारखान्यात बनवायला घेतली. त्याआधी सुट्या तारा हाताने नळीत ओवाव्या लागत. 1970 च्या दशकात साखळी प्लॅस्टिकची झाली, हलकी झाली, यंत्रं वेगाने धावू लागली. आणि एक विचित्र तक्रार वाढली: साखळी शाबूत, पण आतली केबल बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी पिळवटलेली.

निवड कशी करायची

इथे आपण जरा थांबू, कारण विषयाचा गाभा इथे आहे. तार वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. किती? तारेचा व्यास भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. दीड चौरस मिलिमीटरची एकच भरीव तार घ्या. तिचा व्यास सुमारे 1.38 मिलिमीटर. 50 मिलिमीटरच्या त्रिज्येत वाकवली तर ताण शेकडा 1.4 च्या आसपास. तेवढंच तांबं 0.16 मिलिमीटरच्या सुमारे पाऊणशे तारांत वाटलं, तर प्रत्येकीवरचा ताण शेकडा 0.16. आयईसी 60228 या मानकात यासाठी वर्ग केलेत: वर्ग 1 भरीव, वर्ग 2 जाड तारांचा, हे दोन्ही एका जागी बसवायचे. वर्ग 5 लवचिक, वर्ग 6 त्याहून लवचिक.

पण नुसत्या बारीक तारा घेतल्या की झालं, असं नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. केबल वाकली की आतला कोअर कधी वळणाच्या बाहेरच्या बाजूला, कधी आतल्या बाजूला असायला हवा. म्हणजे एका पिळात ताण आणि दाब एकमेकांना फेडतात. पीळ फार लांब असेल तर ही फेड होत नाही. पुष्कळ कोअर थरांवर थर चढवून गुंडाळले, तर आतला थर आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या लांबीने हलू बघतात, एकमेकांत अडकतात, आणि तोच तो स्क्रू तयार होतो. उपाय जुनाच निघाला, दोराचा: थोड्या थोड्या कोअरच्या आखूड पिळाच्या जुड्या करायच्या, आणि त्या जुड्या मधल्या मजबूत गाभ्याभोवती पिळायच्या. आल्बर्टच्या खाणीतली युक्ती दीडशे वर्षांनी तांब्याच्या कामी आली.

मग केबल घेणाऱ्याने कोणते प्रश्न विचारायचे? पहिला, हालचाल कोणती? साखळीत एका प्रतलात वाकणं वेगळं, क्रेनच्या खाली झुल्यासारखं लोंबणं वेगळं, ड्रमवर ओढीसकट गुंडाळलं जाणं वेगळं आणि रोबोच्या मनगटात पिळवटणं वेगळं. वाकण्यात वर्षानुवर्षं टिकणारी केबल पिळवटण्यात लवकर जाऊ शकते. दुसरा प्रश्न, वळणाची त्रिज्या किती? हलत्या केबलला साधारण बाहेरच्या व्यासाच्या साडेसात ते दहा पट त्रिज्या मागतात. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या पत्रकात बघायचा. तिसरा, फेऱ्या किती? तो हिशोब आपण आत्ताच केला. चौथा, आजूबाजूला काय आहे? पीव्हीसीचं आवरण स्वस्त, पण थंडीत कडक होतं आणि काही तेलांत खराब होतं. कूलंट, तेल, लोखंडाचा कीस असेल तिथे पॉलियुरेथेन बरं. पाचवा, करंट किती? साखळीत शेजारी शेजारी पडलेल्या केबल एकमेकींना तापवतात, म्हणून एकट्या केबलचा आकडा तिथे चालत नाही.

आणि केबल चांगली आणून वाईट बसवली तरी पैसे पाण्यातच. रिळावरून उचलून वेटोळी सोडली की पीळ आत शिरतो, म्हणून रीळ फिरवून केबल सरळ काढायची. साखळीत तिला थोडी मोकळी जागा ठेवायची, एकीवर दुसरी पडू द्यायची नाही, हलत्या भागात टाय मारायचे नाहीत, दोन्ही टोकांना मात्र घट्ट धरायची. टोकाच्या बारीक तारांना कथील लावून त्यांची भरीव काडी करू नये, लग किंवा फेरूल दाबावा. नाहीतर कथील जिथे संपतं तिथेच तारा तुटतात.

कुंभाराचं गाढव

आता आमच्या विद्यार्थ्याकडे येऊ. मागच्या वेळी आपण 'अन्यथासिद्ध' हा शब्द पाहिला होता. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. घट होण्याआधी ते तिथे असतं, अगदी नक्की असतं, पण म्हणून ते घटाचं कारण नव्हे. गाढव नसतं तरी माती दुसऱ्या कशाने आली असती. आम्ही त्याला एवढंच म्हटलं, "बाबा, बिघाड जिथे जिथे होतो तिथे नेमकं काय असतं, आणि होत नाही तेव्हा काय नसतं, ते लिहून काढ." अन्वय आणि व्यतिरेक, दुसरं काय!

त्याने आठवडाभर वही ठेवली. बिघाड कोणत्याही पाळीत यायचा, कोणत्याही ऑपरेटरकडे यायचा, पण नेहमी डोकं परत येताना, एकाच जागी. यंत्र उभं असताना कधीच नाही. म्हणून तर मीटर अखंड दाखवायचा, तुटलेली टोकं स्थिर असताना एकमेकांना टेकलेली असायची. त्याने परवानगी काढून साखळी उघडली. केबलचं आवरण गुळगुळीत होतं, ओरखडासुद्धा नाही. ते चिरलं तर आत सगळे कोअर पिळवटलेले आणि एक तुटलेला. आवरणावर छापलेल्या प्रकारावरून कळलं, की केबल एका जागी बसवायच्या जातीची होती. आधीची संपल्यावर खरेदी खात्याने 'तेवढेच कोअर, तेवढाच गेज, दर कमी' असं बघून ती मागवली होती. योग्य केबल आली आणि यंत्र सुरळीत चालू लागलं.

मेमो मात्र त्याच्या फाइलीत तसाच राहिला. केबलचा खर्च मंजूर झाला, पण तो शब्द मागे घ्यायचा तर मग कोणाच्या नावापुढे लिहायचा, हा प्रश्न कोणालाच नको होता. पुढे त्याने ती नोकरी सोडली.

खरेदी खात्यातल्या कारकुनालाही आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढच्या कागदावर कोअर किती आणि गेज किती एवढंच लिहिलेलं होतं. केबल हलणार आहे, किती वेळा आणि किती वळणात, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. म्हणून आपल्यापैकी जे कारखान्यात आहेत, त्यांना एक विनंती. मागणीपत्रकात हे तीन रकाने वाढवून घ्या: हालचाल कोणती, त्रिज्या किती, वर्षाला फेऱ्या किती. आणि यंत्र बंद पडलं तर आधी साखळी उघडा, केबल चिरून बघा. माणसाची फाइल उघडायची घाई करू नका.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.