बालकांचे पुनरुज्जीवन : पहिल्या मिनिटाचे प्रशिक्षण

ग्वाल्हेरमधील कंपू हा भाग शिंद्यांच्या फौजेच्या छावणीची आठवण आपल्या नावात बाळगून आहे. १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले, स्त्रिया व बालकांसाठीचे कमलाराजा रुग्णालय याच परिसरात आहे. दूरदूरच्या गावांतून मुले येथे आणली जातात. मात्र रुग्णालय कितीही मोठे असले, तरी श्वास थांबलेल्या मुलाला तेथवर पोहोचण्याची सवड नसते. प्राणवायूअभावी मेंदूची हानी काही मिनिटांतच सुरू होते. पेडण्याहून वा काणकोणहून बांबोळीकडे निघालेल्या वाहनालाही हाच हिशेब लागू पडतो. म्हणूनच हे प्रशिक्षण केवळ डॉक्टरांपुरते ठेवून भागत नाही.

प्रौढांमध्ये बहुधा हृदय आधी थांबते. बालकांमध्ये बहुतेक वेळा श्वास आधी थांबतो आणि हृदय नंतर. त्यामुळे मुलांच्या बाबतीत नुसती छाती दाबणे अपुरे ठरते, तोंडाने श्वास देणेही तितकेच आवश्यक असते. एकटाच मदतनीस असेल तर ३० दाबांमागे २ श्वास, दोघे असतील तर १५ दाबांमागे २. मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि खोली छातीच्या सुमारे एक तृतीयांश. नवजात बाळाचे गणित वेगळे. तेथे ३ दाबांमागे १ श्वास. पण बहुतेक बाळांची छाती दाबण्याची वेळच येत नाही. अंग कोरडे करणे, पाठ चोळणे आणि गरज भासल्यास पिशवी व मास्कने हवा देणे पुरेसे होते. हे सारे पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावे लागते.

भारतात नवजातांच्या पुनरुज्जीवनाचे पद्धतशीर प्रशिक्षण राष्ट्रीय नवजात मंचाने १९९० मध्ये सुरू केले. केंद्र सरकारचा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम २००९ मध्ये आला. त्यात परिचारिका व प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन दिवसांत हेच कौशल्य शिकवले जाते.

तथापि सर्वांत बोलका दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, पाचवी ते दहावी इयत्तांपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना घरगुती बाळंतपणात सुइणीसोबत उभे राहून गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्यास शिकवले. आधी नळी व मास्कने, पुढे पिशवी व मास्कने. १९९६ ते २००३ या काळात जन्मतः श्वासावरोधाने होणारे मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्या घरात डॉक्टर पोहोचणे अशक्यच होते, तेथील हा निकाल आहे.

प्रशिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे बाहुली. नॉर्वेतील खेळणी बनवणारे ऑसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये सरावासाठी पहिली मानवाकृती तयार केली. आज नवजात बाळाच्या आकाराच्याही मिळतात. व्याख्यान ऐकून हात वळत नाही, बाहुलीवर वळतो. मात्र हे कौशल्य टिकाऊ नाही. तीन ते सहा महिन्यांत ते बोथट होऊ लागते, आणि प्रमाणपत्र तर बहुधा दोन वर्षांचे असते. प्रसूतिगृहात बाहुली कपाटात कुलूपबंद न ठेवता हाताशी ठेवून, दर पाळीत पाच मिनिटे सराव करणे हा यावरचा साधा आणि स्वस्त उपाय आहे.