सक्तमजुरीतली ‘मजुरी’ कुठे गेली?

आजचा भाग तुम्ही जिममध्ये ट्रेडमिलवर पळत ऐकत असाल, तर जरा खाली बघा. या यंत्राचं नाव आधी गाजलं ते तुरुंगात. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी एक भलंमोठं फिरतं चाक बनवलं. त्याला पायऱ्या होत्या. कैदी एकामागून एक पायरी चढायचा आणि चाक फिरत असल्यामुळे तिथल्या तिथेच राहायचा. असं रोज, तासन् तास. काही तुरुंगांत त्या चाकावर धान्य दळलं जायचं, तर काही ठिकाणी काहीच नाही. चाक नुसतंच फिरायचं.

मी स्वतः इंजिनिअर, त्यामुळे हे वाचून थोडं चरकलोच. कारण मशीन म्हणून त्यात काही बिघाड नव्हता. माणसाला दमवायचं आणि हातात काहीच लागू द्यायचं नाही, हीच त्याची रिक्वायरमेंट होती आणि ती अगदी चोख पूर्ण झाली होती. इंग्लंडमध्ये १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ही चाकं बंद होत गेली.

पण तोवर त्यामागचा विचार आपल्याकडे पोचला होता. कंपनी सरकारने तुरुंगांचा अभ्यास करायला एक समिती नेमली होती. मेकॉले तिचा सदस्य होता. १८३८ च्या अहवालात समितीचं म्हणणं साधारण असं होतं की कैद्याचं काम कंटाळवाणं, एकसुरी असावं, त्याला त्यात रस वाटता कामा नये.

पुढे अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये आला कोलू, म्हणजे तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा. राजकैद्यांच्या आठवणींमध्ये दिवसाला ३० पौंड खोबरेलाचा आकडा येतो. तेवढं तेल भरलं नाही तर शिक्षा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. क्युबिटचं रिकामं चाक निरुपयोगी होतं, कोलूतून मात्र खरं तेल निघत होतं. म्हणजे काम उपयोगी असलं की ते आपोआप न्याय्य होतं, असं काही नाही.

आता येरवड्याला येऊ. १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती साधी कैद. साधी म्हणजे कामाची सक्ती नाही. तरी ते तिथे सूत कातायचे. पुढे पेटीत मावणारा जो चरखा तयार झाला, त्याला तर नावच पडलं ‘येरवडा चरखा’. सूत कातणं हेही तसं एकसुरी काम. तेच काम कुणी चाबूक दाखवून करून घेतलं असतं, तर त्याचा कोलू झाला असता. फरक चरख्यात नव्हता, तो कुणी आणि का हातात घेतला यात होता.

या गोष्टीत दुसरा एक इंजिनिअर आहे, मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडचा ज्यू माणूस भारतात आला आणि गांधीविचाराकडे वळला. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. ती कल्पना त्याची मानली जाते. भिंती नाहीत, कैदी शेती करणार, कुटुंबासोबत राहणार. औंधच्या राजांनी ही जोखीम घेतली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचलेला. ही वसाहत आजही चालू आहे. क्युबिट आणि फ्रीडमन, दोघांसमोर प्रश्न एकच होता: कैद्याच्या दिवसाचं काय करायचं? एकाने तो दिवस खर्ची घालायचं यंत्र दिलं, दुसऱ्याने तो कैद्याच्या हवाली केला.

आता पैशाकडे वळू. मराठीत ‘मजुरी’ म्हणजे केलेलं काम आणि मजुरी म्हणजे त्याचे मिळालेले पैसेसुद्धा. ‘सक्तमजुरी’ म्हणताना आपण पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा विसरलो. १९९८ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची आठवण करून दिली. शिक्षेत सक्तमजुरी असेल तर काम करून घेणं बेकायदा नाही, पण त्याचा रास्त मोबदला द्यावा लागेल. जेवणाखाण्याचा खर्च कापा, गुन्ह्यातल्या पीडितांसाठी वाटा काढा, पण फुकट राबवू नका.

कुणाला कुठलं काम, हा प्रश्न तर आणखी बोचरा. ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर, न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाच्या तरतुदी रद्द केल्या. म्हणजे झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे २०२४ पर्यंत काही नियमावल्या जात बघून ठरवत होत्या!

“बाहेर लोकांना काम नाही आणि आत यांना पगार, वर कॅरम आणि पुस्तकं?” असं कुणीतरी म्हणेलच. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याने हे विचारलं तर त्याचा राग मी समजू शकतो. पण एक आकडा बघा. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांना सक्तमजुरीला लावता येत नाही. म्हणजे त्यांच्याकडे उरतो तो नुसता वेळ, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. त्यांच्यासाठी खेळ, गाणं, वाचन यांना चैन कसं म्हणायचं?

आपल्या मुंबईतलंच उदाहरण आहे. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते, खटल्याशिवाय. तुरुंगात बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. सरकारचं म्हणणं, नियमांत दिलेल्या सवलती सोडून स्थानबद्धाला दुसरा कुठलाही हक्क नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. जी बंधनं नियमांनी घातलेली नाहीत, ती तुरुंगाधिकाऱ्याला मनाने घालता येणार नाहीत.

मला या सगळ्यातून इतकंच कळतं: शिक्षा म्हणून न्यायालय माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतं. त्याचे हात, त्याची जात, त्याचं डोकं यांचा ताबा कुठल्याही निकालपत्रात सरकारला दिलेला नसतो. तेव्हा पुढच्या वेळी बातमीत ‘सक्तमजुरीची शिक्षा’ ऐकलंत, की एक प्रश्न नक्की विचारा: मजुरी किती?