रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

अमुक प्राणी कुठे राहत असेल, हे सांगणारे रंगीत नकाशे आता सर्रास दिसतात. लाल भाग म्हणजे तिथे असण्याची शक्यता जास्त, पांढरा म्हणजे जवळपास नाहीच. असा नकाशा पाहिला की मला रानपिंगळा आठवतो. त्याची दीडशे वर्षांची गोष्ट संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होते, पण या नकाशांवर किती विसंबावं हे तिच्यातून नीट कळतं.

1872मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला हा छोटा घुबड मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूमने, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतल्या त्याच ह्यूमने, त्याला ब्लेविटचं नाव दिलं. 1884पर्यंत मोजून सात नमुने जमले. त्यातले बहुतेक जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केले होते. त्यानंतर पक्षी जणू गायबच झाला. अपवाद एकच: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहातला नमुना. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मांडवी, गुजरात, 1914’.

या चिठ्ठीवर अनेक वर्षं कुणी शंका घेतली नाही. ती घेतली पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने. तिने नायजेल कॉलरसोबत नमुना तपासला, एक्स-रे काढले. पेंढा भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची निघाली. कर्नलने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, उसवून, पुन्हा शिवून त्याला नवी चिठ्ठी लावली होती.

मग मांडवीची नोंद बाद झाली आणि शोध खऱ्या जागांकडे वळला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी गेले. तिथे काही मिळालं नाही. नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पक्षी समोर बसलेला दिसला. 113 वर्षांनी!

आता यात मॉडेल आणून बघू. अशी मॉडेलं 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियात सुरू झाली. 2006मध्ये ‘मॅक्सेंट’ची पद्धत प्रसिद्ध झाली आणि ती जगभर पसरली. काम साधं आहे. प्राणी दिसला त्या जागांचे ठिपके द्यायचे, सोबत तापमान, पाऊस, उंची यांचे नकाशे द्यायचे. त्या ठिपक्यांवरची परिस्थिती आणखी कुठे आहे, हे मॉडेल शोधतं.

समजा, 1990 साली कुणी रानपिंगळ्यासाठी असं मॉडेल चालवलं असतं. सात-आठ ठिपके, आणि त्यातला एक मांडवीचा. मांडवीला शहाद्यापेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. त्या एका खोट्या ठिपक्यावरून मॉडेल शिकलं असतं, की या पक्ष्याला जास्त पावसाचं रानही चालतं. चिठ्ठी कुणी लिहिली हे ते विचारत नाही. त्याला ते विचारताच येत नाही.

गंमत पुढेच आहे. 1997नंतर रानपिंगळा मेळघाटात आणि मध्य प्रदेशात सापडला, म्हणजे कोरड्या सागवानी जंगलांत. नुसत्या याच ठिपक्यांवर मॉडेल बांधलं असतं, तर त्याने पश्चिम घाटाच्या बाजूला बहुधा पांढरा रंग दिला असता. पण 2014मध्ये रानपिंगळा मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला. नंतर गुजरातेत, डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातही. म्हणजे खोट्या चिठ्ठीवरचं मॉडेल इथे बरोबर ठरलं असतं आणि खऱ्या नोंदींवरचं चुकलं असतं!

म्हणून माझं मत असं, की एखादं भाकीत खरं ठरलं एवढ्यावरून मॉडेल भरवशाचं ठरत नाही. ते कशावरून बोलतंय, हे पाहावं लागतं. माणसं जिथे शोधतात तिथेच ठिपके पडतात: रस्त्यांजवळ, अभयारण्यांत, पूर्वी सापडला होता तिथे. बऱ्याचदा त्यातलेच काही ठिपके बाजूला ठेवून मॉडेलची परीक्षा घेतात. शेजारचेच ठिपके विचारले, तर गुण चांगलेच मिळणार. खरी परीक्षा म्हणजे ज्या भागात कुणी गेलंच नाही, तिथे जाऊन पाहणं.

याची किंमत पक्षी मोजतो. ‘इथे नाही’ असं नकाशाने म्हटलं की तिथलं जंगल रस्त्याला किंवा खाणीला देणं सोपं होतं. 2018मध्ये रानपिंगळ्याचा धोका जागतिक लाल यादीत एक पायरी कमी झाला. तो जास्त ठिकाणी सापडल्याचा यात वाटा होता, आणि त्यासाठी लोकांना रानात पायपीट करावी लागली.

आज आपण फोनवरून नोंद टाकतो. गावातला साधा पिंगळा आणि रानपिंगळा पटकन ओळखू येत नाहीत. साध्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या फारसे नसतात. नोंदीसोबत फोटो आणि नेमकी जागा द्या, खात्री नसेल तर तसं लिहा. तुमची नोंदही कुठल्यातरी मॉडेलसाठी चिठ्ठीच आहे.