जाईबाई चौधरी : विदर्भातील एक उपेक्षित कार्यकर्ती

विदर्भातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात जाईबाई चौधरी यांचा उल्लेख क्वचितच एखाद्या ओळीपलीकडे जातो. उमरेड येथे १८९२ मध्ये जन्मलेल्या जाईबाईंनी प्रारंभी कामठी येथे ओझी वाहून उदरनिर्वाह केला. एका मिशनरी भगिनीच्या साहाय्याने त्या शिक्षिका झाल्या. परंतु अस्पृश्य बाई शिकविते म्हणून सवर्ण पालकांनी ओरड केली आणि त्यांची नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा स्थापन केली.

१९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा भोजनप्रसंगी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. हा अपमान सनातन्यांच्या सभेत नव्हे, तर स्त्रियांचे हक्क मागणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांच्या पंगतीत झाला. लगेच १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेधसभा घेतली. स्वतंत्र व्यासपीठाची निकड या पंगतीनेच तीव्र केली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रियांच्या उपस्थितीत तीत घटस्फोटाचा अधिकार व बहुपत्नीत्वास बंदी यांची मागणी करणारे ठराव संमत झाले.